स्वस्त तासांसाठी जागायचे कोणी? वीजदर ठरवणाऱ्यांना एक खुले पत्र

प्रति,
वीजदर निश्चित करणारे नियामक आयोग आणि वीज वितरण कंपन्यांचे व्यवस्थापन यांस,

विषय : घरगुती ग्राहकांसाठी वेळेनुसार बदलणारे वीजदर आणि त्यांतून प्रत्यक्षात होणारी बचत

महोदय,

वेळेनुसार बदलणाऱ्या वीजदरांना माझा विरोध नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. कारण या विषयावर तक्रारीच्या सुरात लिहिलेले पत्र हाती पडले की ते विरोधकांच्या गठ्ठ्यात जाते. उलट, हे दर घरांसाठी असावेत असे माझे मत आहे आणि गेले वर्षभर मी अशाच दरावर वीज वापरत आहे. या काळात रोज सकाळी आणि रात्री मीटरचे आकडे वहीत उतरवून, कोणते काम कोणत्या वेळी केल्याने बिलात किती फरक पडतो हे मी मांडून पाहिले. त्यातून एक गोष्ट लक्षात आली आणि तीच आपल्यापुढे ठेवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे : आपण वापर हलवण्याची अपेक्षा माणसांकडून करता, वास्तविक ती यंत्रांकडून करायला हवी, आणि यंत्रांकडून ती पूर्ण होण्यासाठी जे करायला हवे ते बहुतांशी आपल्या हातात आहे, आमच्या नाही.

गर्दीच्या तासांतली वीज महाग का असते, याबद्दल आपल्याला सांगण्याची गरज नाही. पण हे पत्र ग्राहकही वाचतील म्हणून थोडक्यात लिहितो. वीज मोठ्या प्रमाणावर साठवणे अजूनही खर्चाचे आहे, त्यामुळे ज्या क्षणी मागणी होते त्याच क्षणी ती तयार करावी लागते. संध्याकाळच्या त्या दोन-चार तासांसाठी जी जनित्रे सुरू करावी लागतात, ती उरलेला बराच काळ नुसती उभी असतात आणि त्यांच्या भांडवलाचा सगळा बोजा त्या मोजक्या तासांवर पडतो. वाहिन्या आणि रोहित्रेही (ट्रान्सफॉर्मर) सरासरी मागणीसाठी नव्हे, तर कमाल मागणीसाठी बांधावी लागतात. शिवाय तारेतून जाणारा प्रवाह दुप्पट झाला की तारेच्या तापण्यात वाया जाणारी वीज चौपट होते. तेव्हा संध्याकाळी सात वाजताचे एक युनिट आणि पहाटे तीन वाजताचे एक युनिट मीटरवर सारखेच दिसले, तरी ते पोहोचवण्याचा खर्च सारखा नसतो, आणि तो फरक दरात दिसावा हे न्याय्यच आहे. जो ग्राहक संध्याकाळी फारशी वीज वापरत नाही, तो एकसमान दरात शेजाऱ्याच्या संध्याकाळचा खर्च नकळत उचलत असतो.

इथपर्यंत आपले आणि माझे एकमत आहे. मतभेद सुरू होतो तो आपल्या पत्रकांपासून.

वेळेनुसार दर लागू करताना घरोघरी जे पत्रक येते, त्यात बहुधा वॉशिंग मशीनचे चित्र असते, शेजारी एक चंद्र असतो आणि ‘थोडे नियोजन करा, भरपूर बचत करा’ अशा अर्थाचे एखादे वाक्य असते. या चित्रावर विश्वास ठेवून आमच्या घरात पहिले दोन महिने कपडे रात्री साडेअकरानंतर धुतले गेले. नोंदींची वही माझी होती आणि जागरण पत्नीचे होते, हे कबूल करायला हवे. यंत्र लावण्यासाठी, ते थांबल्यावर कपडे वाळत घालण्यासाठी आणि ‘आता खालच्यांना आवाज जात असेल’ या चिंतेने ती जागी राहत असे. दोन महिन्यांनी मी हिशोब मांडला तेव्हा त्या सगळ्या जागरणाची किंमत इतकी क्षुल्लक निघाली की ती तिला सांगताना मला संकोच वाटला.

तो हिशोब इथे आकड्यांनी मांडतो. नेहमीचा दर १०० धरला, सवलतीच्या तासांचा ८० आणि गर्दीच्या तासांचा १२०, असे समजू. महिन्याला ३०० युनिट वापरणाऱ्या एका घराचे १२० युनिट गर्दीच्या तासांत, ६० सवलतीच्या तासांत आणि १२० उरलेल्या वेळेत जात असतील, तर त्याचे बिल नेहमीच्या दराने ३१२ युनिटांइतके येते. म्हणजे काहीही न हलवणारे हे घर एकसमान दरापेक्षा ४ टक्के जास्त भरते. आता थंड पाण्याने कपडे धुणारे यंत्र एका खेपेला साधारण अर्ध्या युनिटाच्या आतच वीज घेते. रोज एक खेप गर्दीच्या वेळेतून सवलतीच्या वेळेत नेली, तर महिन्याला फार तर १५ युनिट हलतात आणि वाचतात ते ६ युनिटांचे पैसे. पूर्ण महिन्याच्या जागरणाचे हे मोल. दिव्यांचे तर विचारूच नका : ९ वॉटचा एलईडी दिवा पाच तास जळला तरी युनिटाचा विसावा भागही खर्च होत नाही, आणि एका युनिटात मोबाइल फोन पन्नासहून अधिक वेळा चार्ज होतो. रात्री फोन चार्ज करून वीज वाचवा असे सांगणाऱ्यांनी हा भागाकार एकदा करून पाहावा.

त्याच घरातल्या गिझरकडे वळले की चित्र बदलते. ५० लिटर पाण्याचे तापमान ३५ अंशांनी वाढवायला साधारण २ युनिट वीज लागते. हा पाण्याचा गुणधर्म आहे, कोणत्याही कंपनीच्या गिझरला त्यातून सुटका नाही. पाणी साठवणाऱ्या टाकीचा गिझर असेल, तिचे आवरण उष्णता धरून ठेवणारे असेल आणि ती एका दिवसाच्या गरजेला पुरेल एवढी मोठी असेल, तर हे २ युनिट गर्दीच्या तासांऐवजी सवलतीच्या तासांत घेता येतात आणि आंघोळीच्या वेळेत कुणालाही बदल करावा लागत नाही. महिन्याचे ६० युनिट हलतात आणि २४ युनिटांचे पैसे वाचतात, म्हणजे कपड्यांच्या चौपट, आणि तेही कुणी जागे न राहता. तीन लिटरच्या झटपट गिझरला मात्र यातले काहीच जमत नाही, कारण तो पाणी साठवतच नाही. टाकी मोठी घेण्याच्या नादात तापमान फार खाली ठेवणेही बरे नाही. कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला जातीचे जिवाणू वाढू शकतात, म्हणून साठवणीचे पाणी ६० अंशांच्या आसपास तापवून वापरताना त्यात थंड पाणी मिसळण्याचा सल्ला दिला जातो.

विजेवर चालणारी गाडी हे दुसरे मोठे यंत्र. रोज तीसेक किलोमीटर फिरणाऱ्या चारचाकीला साधारण पाच युनिट लागतात, ती रात्रभर किंवा दुपारभर उभीच असते आणि तिला विजेची नेमकी वेळ महत्त्वाची नसते. सकाळी भरलेली बॅटरी मिळाली की झाले. घर थंड ठेवणे हे तिसरे, पण तिथे जपून बोलावे लागते. भिंती जाड असतील आणि खिडक्या नीट बंद होत असतील, तर गर्दीचे तास सुरू होण्याआधी खोली थोडी जास्त गार करून ठेवता येते आणि मग एअर कंडिशनरचे तापमान दोन अंशांनी वर नेऊन तास-दीड तास काढता येतो. पातळ छताच्या, वरच्या मजल्यावरच्या खोलीत हाच प्रयोग केला तर साठवलेला गारवा अर्ध्या तासात निघून जातो आणि वीज मात्र जास्तच जळते. फ्रिज, पंखे, संध्याकाळचे दिवे, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, आजारी माणसाची यंत्रे यांपैकी काहीही हलवता येत नाही, आणि ते हलवा असे सुचवणेही योग्य नाही.

सांगायचे तात्पर्य असे की हलवण्याजोगा वापर दोन-तीन यंत्रांत एकवटलेला आहे आणि तीच यंत्रे माणसाच्या उपस्थितीशिवाय चालू शकतात. ही गोष्ट नवीन नाही. आपल्याआधीच्या पिढीतल्या वीज अभियंत्यांना ती पक्की ठाऊक होती. न्यूझीलंडमध्ये १९५० च्या दशकापासून वीज कंपन्या तारांमधूनच एक विशिष्ट कंपनसंख्येचा संकेत पाठवून घरांतले पाणी तापवणारे हीटर गर्दीच्या वेळी बंद आणि नंतर सुरू करत आल्या आहेत. फ्रान्समध्ये घरांसाठी सवलतीच्या तासांची व्यवस्था १९६० च्या दशकात आली आणि तिथेही तारेतून येणाऱ्या संकेतावर मीटरजवळची कळ पडते व पाण्याची टाकी तापू लागते. ब्रिटनमध्ये १९७८ साली रात्रीच्या सात तासांचा स्वस्त दर आला तो विटांमध्ये उष्णता साठवून दिवसा हळूहळू सोडणाऱ्या हीटरांना जोडून आला. या तिन्ही ठिकाणी ग्राहकाला रात्री उठून काही करण्याची गरज नव्हती. दर, साठवणारे यंत्र आणि ते सुरू करणारी कळ ही तिन्ही एकत्र दिली गेली होती. आता आपण फक्त दर देता. यंत्र आणि कळ यांची सोय ग्राहकाने करावी आणि तोपर्यंत स्वतःच कळ व्हावे, अशी अपेक्षा ठेवता.

यातून काय होते हे स्पेनमध्ये दिसले. तिथे १ जून २०२१ पासून घरगुती ग्राहकांसाठी दिवसाचे तीन भाग करण्यात आले आणि कामाच्या दिवशी सकाळी १० ते दुपारी २ व संध्याकाळी ६ ते रात्री १० हे महाग तास ठरले, तर मध्यरात्रीपासून सकाळी ८ पर्यंतचा काळ आणि शनिवार-रविवार स्वस्त ठरले. त्या सुमारास ‘मग आता इस्त्री मध्यरात्री करायची का’ हा प्रश्न घराघरांत आणि वर्तमानपत्रांत विचारला जाऊ लागला, आणि त्यापाठोपाठ इस्त्री नेमकी करतो कोण, हा त्याहून अडचणीचा प्रश्नही आला. माझ्या घरातला अनुभव आधी सांगितलाच आहे. दराचा तक्ता बनवताना घरातला ‘ग्राहक’ म्हणजे एक व्यक्ती असे धरले जाते. प्रत्यक्षात बिल एकाच्या नावावर असते आणि वेळापत्रक दुसऱ्याचे बदलते.

त्यात आणखी एक विसंगती आहे. ब्रिटनमधील अग्निशमन सेवा नागरिकांना सांगत असतात की वॉशिंग मशीन, कपडे वाळवण्याचे यंत्र आणि भांडी धुण्याचे यंत्र घरातले सगळे झोपलेले असताना चालू ठेवू नये, कारण यंत्रातून आग लागली तर ती कळायला उशीर होतो. हा सल्ला कुठल्याही देशातल्या घराला तितकाच लागू आहे. म्हणजे एक यंत्रणा सांगते रात्री यंत्र लावा, दुसरी सांगते रात्री लावू नका, आणि दोन्ही सल्ले पाळायचे तर रात्री यंत्र लावून त्याच्याजवळ जागे बसणे एवढाच मार्ग उरतो. आपल्या पत्रकांवरून त्या चंद्राचे चित्र काढून टाकावे, ही माझी पहिली आणि सर्वांत बिनखर्चाची विनंती आहे.

आता मीटरबद्दल, कारण माझे सर्वांत मोठे नुकसान तिथे झाले. गिझरला टायमर बसवल्यानंतर हिशोबाप्रमाणे महिन्याला २४ युनिटांचे पैसे वाचायला हवे होते. वाचत होते जेमतेम आठांचे. आधी मला वाटले की माझाच गुणाकार चुकला. मग एका पहाटे मी मीटरसमोर उभा राहिलो. आमच्या दरात सवलत सकाळी ६ वाजता संपते आणि लगेच सकाळचे महाग तास सुरू होतात, म्हणून मी गिझर ५ ते ६ असा लावला होता. मीटरवरचे बटण दाबत गेले की पडद्यावर एकामागून एक नोंदी येतात. त्यांत तारीख आणि वेळही येते. हातातल्या घड्याळात ५ वाजले होते आणि मीटरच्या घड्याळात ५ वाजून ४० मिनिटे. म्हणजे माझ्या एका तासापैकी वीसच मिनिटे मीटरच्या मते स्वस्त होती आणि उरलेल्या चाळीस मिनिटांचे, म्हणजे दोन तृतीयांश पाणी मी रोज सर्वांत महाग दराने तापवत होतो. आठांचा तो आकडा तिथे तंतोतंत जुळला.

मी लेखी तक्रार केली. काही आठवड्यांनी ‘मीटरची तपासणी केली असून मीटर सुस्थितीत आहे’ असे उत्तर आले. त्या उत्तरात खोटे काहीच नव्हते : तपासणीत मीटर युनिट बरोबर मोजतो का हे पाहिले गेले होते, घड्याळ बरोबर आहे का हे पाहण्याची पद्धतच नव्हती. एकसमान दराच्या काळात मीटरचे घड्याळ ही शोभेची गोष्ट होती, म्हणून तेव्हा ही पद्धत पुरेशी होती. वेळेनुसार दर लागू झाला की घड्याळ हे मोजमापाचेच अंग बनते, आणि ज्या काटेकोरपणे युनिट तपासले जाते त्याच काटेकोरपणे वेळही तपासली गेली पाहिजे. चूक किती मिनिटांपर्यंत क्षम्य आहे हे नियमात लिहिलेले असावे, बिलावर मीटरची वेळ छापली जावी, आणि चूक सापडली तर तेवढ्या महिन्यांचे बिल ग्राहकाने न मागता दुरुस्त व्हावे. तूर्त मी माझा टायमरच चाळीस मिनिटे आधी लावला आहे. मीटर उद्या कुणी दुरुस्त केला तर मला ते बिल आल्यावरच कळेल, हे वेगळे.

घड्याळ आणि कळ दुसऱ्याच्या हातात असण्याचा धोका किती मोठा असू शकतो याचेही उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून लाखो मीटरांना दर बदलण्याचा संकेत बीबीसीच्या लाँगवेव्ह रेडिओ प्रसारणात मिसळून पाठवला जात असे. ती यंत्रणा जुनी झाली आणि जून २०२५ च्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सुरुवात झाली. ज्यांचे मीटर तोवर बदलले नाहीत त्यांचे हीटर चुकीच्या वेळी सुरू होण्याची किंवा सुरूच न होण्याची शक्यता निर्माण झाली. चाळीस वर्षे निमूटपणे चाललेल्या व्यवस्थेचा निरोप घेताना इतकी धावपळ व्हावी, यावरून नव्या मीटरांबाबत आजच विचार करायला हवा असे मला वाटते.

दराच्या तासांबद्दलही मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे. आतापर्यंत स्वस्त वीज म्हणजे रात्रीची वीज हे समीकरण होते, कारण कोळशाची आणि अणुऊर्जेची केंद्रे रात्री बंद करणे परवडत नव्हते आणि त्यांच्या विजेला रात्री गिऱ्हाईक हवे होते. सौरऊर्जा वाढली तसे हे समीकरण उलटू लागले. कॅलिफोर्नियाच्या ग्रीड चालवणाऱ्या संस्थेने २०१३ साली एक आलेख प्रसिद्ध केला, ज्यात दुपारी मागणीचे पोट खाली लोंबते आणि सूर्य मावळताना मान एकदम उंचावते. त्या आकृतीला बदकाचा आलेख हे नाव पडले. आता तिथल्या घरगुती दरांत दुपारी ४ ते रात्री ९ हे महाग तास असतात. फ्रान्सनेही नोव्हेंबर २०२५ पासून रात्रीच्या काही स्वस्त तासांची दुपारी बदली करायला सुरुवात केली. भारतात २०२३ साली ग्राहक हक्कांच्या नियमांत केलेल्या सुधारणेने दिवसातले आठ सौर तास स्वस्त ठरवले आणि त्या तासांतला दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा असे म्हटले.

हा बदल स्वागतार्ह आहे आणि कपडे धुण्यासारखी कामे दिवसा होणार असतील तर आमच्या झोपेचा प्रश्नच मिटेल. पण दुपारी घरी असते कोण? जे बाहेर कामाला जातात त्यांच्या घरात दुपारी यंत्र आपणहून सुरू होणार नसेल, तर हे स्वस्त तास त्यांच्यासाठी कॅलेंडरवर छापलेल्या सुट्टीसारखे आहेत, ज्या दिवशी त्यांना मात्र कामावर जावे लागते. टायमर, नियंत्रक कळ आणि साठवणाऱ्या टाकीची गरज दुपारच्या दरात रात्रीपेक्षाही अधिक आहे. आणि तास एकदा जाहीर केले की ते निदान वर्षभर तसेच राहावेत. बदलायचे असतील तर पुरेशी आगाऊ सूचना मिळावी. ज्याने रात्रीच्या दरावर भिस्त ठेवून महागडे यंत्र घेतले, त्याच्या पायाखालची जमीन एका परिपत्रकाने सरकू नये.

सगळ्यांचे टायमर एकाच ठोक्याला सुरू होण्याचाही प्रश्न आहे. सवलत रात्री दहाला सुरू होत असेल तर दहा वाजून शून्य मिनिटांनी हजारो गिझर आणि गाड्या एकाच क्षणी वीज ओढू लागतील, आणि मागणीच्या ज्या शिखरापासून पळण्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच शिखर गल्लीतल्या रोहित्रावर दोन तासांनी पुन्हा उभे राहील. याची उत्तरे उपलब्ध आहेत. फ्रान्समध्ये दिवसातले आठ सवलतीचे तास सगळ्यांना एकाच वेळी मिळत नाहीत. निरनिराळ्या भागांत ते निरनिराळ्या वेळी असतात. ब्रिटनने गाड्यांच्या घरगुती चार्जरसाठी केलेले नियम ३० जून २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार चार्जर मुळातच गर्दीचे तास टाळण्यासाठी लावलेला असावा लागतो आणि सुरू होताना त्याने दहा मिनिटांपर्यंतचा यादृच्छिक, म्हणजे प्रत्येक वेळी वेगळा, विलंब घ्यावा लागतो. ग्राहकाला हे कळतही नाही, त्याला काही करावेही लागत नाही. यंत्राने जबाबदारी घेणे म्हणजे काय, याचे इतके साधे उदाहरण दुसरे सापडणार नाही. असेच नियम नव्याने विकल्या जाणाऱ्या टाकीच्या गिझरांसाठी करता येतील.

घाऊक बाजाराच्या भावाला घराचा दर थेट जोडावा, असे सुचवणारेही काही जण आहेत. त्यांनी फेब्रुवारी २०२१ मधले टेक्सास आठवावे. थंडीच्या लाटेत वीजकेंद्रे बंद पडली, घाऊक भाव कमाल मर्यादेला जाऊन दिवसेंदिवस तिथेच राहिला, आणि ज्या घरांनी असा थेट दर स्वीकारला होता त्यांच्या हाती काही दिवसांच्या वापरासाठी हजारो डॉलरची बिले पडली. कडाक्याच्या थंडीत घर गरम ठेवणे कोण पुढे ढकलणार? या विषयावर याहून अधिक लिहिण्याची गरज मला वाटत नाही.

ज्यांना वापर हलवता येत नाही त्यांच्याविषयी मात्र लिहायलाच हवे. घरात प्राणवायू देणारे यंत्र चालू असणारा रुग्ण, तान्हे मूल, दिवसभर घरी असणारी वृद्ध माणसे, भाड्याच्या खोलीत राहणारा आणि घरमालकाच्या परवानगीशिवाय साधा टायमरही बसवू न शकणारा भाडेकरू, ही सगळी माणसे आळशी नाहीत आणि बेफिकीरही नाहीत. वर मांडलेल्या उदाहरणात काहीही न हलवणाऱ्या घरावर ४ टक्क्यांचा भार पडला; तो या घरांवर पडणार आहे. वैद्यकीय यंत्रांवर अवलंबून असलेल्या घरांना गर्दीच्या तासांच्या वाढीव दरातून पूर्ण वगळावे. इतरांसाठी, कॅलिफोर्नियात वेळेनुसार दरांकडे वळताना पहिले वर्ष जी हमी दिली गेली ती द्यावी : वर्षअखेरीस जुन्या दराने बिल कमी आले असते असे दिसले, तर फरकाची रक्कम परत. शिवाय दर स्वीकारण्याआधी किमान काही महिने प्रत्येक बिलावर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापावेत, म्हणजे आपले घर कोणत्या बाजूला आहे हे ग्राहकाला स्वतःच्या वापरावरून कळेल, पत्रकातल्या आदर्श कुटुंबावरून नव्हे.

बिलाच्या त्याच कागदावर आणखी एक गोष्ट उघडपणे लिहिलेली असावी. स्थिर आकारासारख्या काही रकमा वापराच्या वेळेनुसार बदलत नाहीत. ‘सवलतीच्या तासांत २० टक्के स्वस्त’ याचा अर्थ बिल २० टक्क्यांनी कमी होईल असा अनेकजण घेतात, आणि आपली पत्रकेही तो गैरसमज दूर करण्याची फारशी घाई करत नाहीत. बिलाच्या ज्या भागावर वेळेचा परिणाम होतो तो भाग वेगळ्या चौकटीत दाखवला, तर पहिल्या महिन्यातली निराशा टळेल.

वापराची अर्ध्या-अर्ध्या तासाची नोंद नव्या मीटरांत होऊ शकते, पण ती ग्राहकाला दिसते कुठे? माझी वही मी हौसेने ठेवली. प्रत्येकाकडून ती अपेक्षा करता येणार नाही. ही नोंद ग्राहकाची आहे असे मानून ती त्याला सहज, विनामूल्य आणि वाचता येईल अशा रूपात मिळावी, आणि त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या कुणाला मिळू नये. कारण घरातली माणसे कधी उठतात, कधी बाहेर जातात आणि घर किती दिवस बंद असते, हे सगळे त्या नोंदीतून वाचता येते.

पुढच्या दरप्रस्तावावर हरकती आणि सूचना मागवल्या जातील तेव्हा हेच मुद्दे मी विहित नमुन्यात पुन्हा पाठवीन. त्याआधी आपल्या अधिकाऱ्यांपैकी कुणीतरी एखाद्या पहाटे चार-सहा घरांतल्या मीटरांवरचे बटण दाबून त्यांची घड्याळे आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहावीत, अशी विनंती आहे. माझ्या घरातला मीटरही त्यांत घ्यावा. तो अजून चाळीस मिनिटे पुढेच आहे.

आपला,
एक घरगुती वीजग्राहक